फुलीवरची ताटली

५ जानेवारी

बाळा,

आईचा हात डोक्यावर आहे असं समज आणि मगच पुढे वाच.

पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. पण फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस. मला जे सांगायचं असतं ते मला भांडी घासताना आठवतं. पत्राचं बरं असतं, ते मधे तोडता येत नाही. चौथीनंतर मी किराण्याच्या चिठ्ठीपलीकडे काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. सूनबाईलाही हसू देऊ नकोस. माझी नात चिमणी हसली तर चालेल.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या बाबांचे गुडघे ठीक नाहीत, पण ते गुडघे वेगळे आणि बाबा वेगळे असं ते मानतात. इंजिनही ठीक आहे. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बैठकीच्या खोलीतच आहे, सोफा होता तिथे. सोफा गॅलरीत गेला. पाहुणे आले की त्यांना इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर उशी टाकून बसवते. कोणी फार वेळ बसत नाही, हा एक फायदा.

त्या दिवसाचं मी उकरून काढणार नाही. एवढंच म्हणते की तू तेव्हा जे पाहिलंस ते अर्धंच होतं. आधीचं अर्धं तुला माहीतच नाही. आम्ही कपाट बघायला गेलो होतो रे. दातांचे डॉक्टर वारले, त्यांच्या बायकोला घरातलं सामान काढायचं होतं, आणि मला कपाट हवं होतं. मी नि डॉक्टरीणबाई बाहेर बोलत बसलो. तुझे बाबा कपाटाची मागची बाजू बघायला म्हणून आतल्या खोलीत गेले ते येईचनात. मला वाटलं चक्कर आली. जाऊन बघते तर पलंगाच्या चादरीखाली डोकं घालून गुडघ्यांवर बसलेले. ह्या गुडघ्यांवर. चादरीखाली इंजिन. खऱ्या वाफेच्या इंजिनाचं पिल्लू, पण पिल्लू म्हणजे केवढं, आपल्या खाटेएवढं लांब आणि माझ्या कमरेपर्यंत उंच. खऱ्यासारखाच कोळसा खाणार, पाणी पिणार, शिट्टी मारणार. आपण फक्त त्याच्या आत न मावता मागे डब्यावर पाय टाकून बसायचं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घेऊन जा. माझी सवत आहे ती. दिवसभर लोकांचे दात कोरायचे आणि घरी आले की हिच्या नळ्या. माझ्या वाढदिवसाला काय आणलं, तर हिला नवीन शिट्टी." बोलताना त्या चादर नीट करत होत्या, कोपरे ओढून ओढून. मला वाटतं सवतीवर जीव होता त्यांचा.

कपाट तिथेच राहिलं. माझे कपडे अजून ट्रंकेत आहेत.

मग दाराची चौकट काढली, आठ माणसांनी ते आत आणलं, आणि संध्याकाळी तू चिमणीला घेऊन आलास. ती चप्पल न काढता वर चढून बसली. बाबा तिला शिट्टीची दोरी दाखवत होते. बाबांना वाटलं, मुलगा सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर, दोन शब्द कौतुकाचे बोलेल. तू चष्मा लावलास, बॅटरी काढलीस. गाडीतून ऑफिसचा हातपंप आणलास, बॉयलर पाण्याने गच्च भरून दाब दिलास, आणि पोटाखालून एक थेंब आला. एकच. मी म्हटलंही, आपला मोरीतला नळ ह्याहून जास्त गळतो. पण तू खिशातला लाल खडू काढलास आणि चहाला थांबलेल्या त्या आठ माणसांसमोर फुली मारलीस.

बाबा म्हणाले, "माझ्या घरात माझ्या इंजिनावर फुली?"

तू म्हणालास, "बॉयलर घर बघून फुटत नाही, बाबा."

पुढचं दोघांनाही पाठ आहे, मी कशाला लिहू. चिमणीला तू उचलून खाली घेतलंस तेव्हा तिची एक चप्पल इथेच राहिली. ती आता तिला होणारही नाही.

इंजिन सोडून काय हवं ते लिही. इंजिनाबद्दल लिहिलंस तरी चालेल.

तुझी आई


२० जानेवारी

बाळा,

तुझं पत्र आलं. तीन ओळींचं. "आम्ही मजेत. चिमणीचा पुढचा दात पडला. नळ्या बदलल्या का?" दोनदा वाचलं, मग कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं. पण मी खूश आहे हो. तीन ओळींतली एक इंजिनाची, म्हणजे तुझ्या हिशोबाने पत्र तसं मोठंच.

मी ते बाबांच्या देखत मोठ्याने वाचलं. चष्मा सापडत नव्हता, म्हणून मोठ्याने वाचलं. चष्म्याचा आणि आवाजाचा काय संबंध, असं विचारू नकोस. ते म्हणाले, त्याला कशाला हव्यात चौकशा. आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मग भिंतीला म्हणाले, "सगळ्या बदलल्या. तांब्याच्या. नळ्या जिच्यात बसतात ती मागची पाटीसुद्धा नवी घातली. जुनी कागदासारखी झाली होती."

हे त्यांनी तुला सांगितलेलं नाही. भिंतीला सांगितलं, मी वाटेत उभी होते.

आता मला एक गंमत सांगायची आहे. बाबांनी इंजिन रंगवलं. गडद हिरवं, कडेला लाल रेघ, आणि ती रेघ ओढताना मला चार तास श्वास घेऊ दिला नाही. इतकं सुंदर झालंय की शेजारीण म्हणाली ह्याची दृष्ट काढा. पण पोटावर एक वीतभर चौकोन रंगवलेलाच नाही. जुना, कळकट, आणि मधे तुझी लाल फुली. मला वाटलं विसरले. मी फडकं घेऊन पुसायला गेले तर माझा हात असा धरला की बांगडी वाकली.

मग बसून समजावलं मला, लहान मुलाला सांगावं तसं. कारखान्यात लेथवर काम करताना रीत होती म्हणे. तपासनिसाने एखाद्या कामावर लाल खूण केली, की ती खूण ज्याची त्यानेच पुसायची. कामगाराने नाही, मुकादमाने नाही, मालक आला तरी त्याने नाही. काम पुन्हा करायचं, तपासनिसाला बोलवायचं, आणि त्याने स्वतःच्या हाताने पुसली तर काम पास. तुझे बाबा जन्मभर ह्याच रीतीने वागले. एकदा तपासनीस आजारी पडला तर एक दांडा तसाच कोपऱ्यात उभा राहिला, मोठे साहेब ओरडून ओरडून दमले.

मी म्हटलं, अहो, मग बोलवा की तपासनिसाला. तर म्हणाले, मी कोणालाही बोलवणार नाही.

आता ही रीत आणि हा हट्ट एका घरात कसे राहणार, तूच सांग.

त्यात रंगाचा शिंतोडा फुलीवर उडू नये म्हणून माझी स्टीलची ताटली सुतळीने वरून बांधलीय. सहाच्या संचातली. माझ्याकडे आता पाचच उरल्यात, जेवायला सहावं माणूस आलं की मी झाकणात खाते.

चिमणीचा दात जपून ठेवलाय ना?

तुझी आई


४ फेब्रुवारी

बाळा,

"चांदीचा डाग दिला की पितळेचा?" एवढंच लिहिलंस ह्या वेळी, नळ्यांच्या सांध्यांबद्दल. सूनबाई कशी आहे, ऋतू कसा आहे, काही नाही. मी वाचून दाखवलं. भिंत म्हणाली, चांदीचा. आणि थोड्या वेळाने भिंत असंही म्हणाली की पितळेचा द्यायला मी काय कल्हईवाला आहे. मी तसंच कळवते, माझ्या पदरचं काही घालत नाही.

आता मी तुझ्यापासून लपवलेली एक गोष्ट सांगते. इंजिन घरात नाही. पंधरा दिवस झाले. पाणीपुरवठ्याच्या टाकीमागे बाग आहे ना, तिथे ह्या लोकांचा क्लब आहे. सगळे आमच्या वयाचे. जमिनीवर छोटे रूळ टाकलेत, सव्वासात इंच रुंद, झाडांना वळसा घालून परत तिथेच येतात. कुठेच जात नाहीत आणि तिथे जायला सगळे सकाळपासून तयार. इंजिन आता तिथल्या शेडमध्ये असतं. सोफा परत आत आला, पण खोली अशी रिकामी वाटते की मी त्यावर बसतच नाही.

क्लबातही तपासणारा एक दाढीवाला आहे. त्याने पंप लावून पाहिलं, काटा हलला नाही, त्याने पास केलं. कागदही दिला. पण तुझ्या बाबांनी कागद घडी करून खिशात घातला आणि ताटली काही सोडली नाही. म्हणाले, ह्यांच्या पासावर मी बसेन, मोठी माणसं बसतील. लहान पोर बसणार नाही. दाढीवाला रागावला. माझ्यात काय कमी आहे, म्हणाला. बाबा म्हणाले, "तुमच्यात काही कमी नाही. फुली तुमची नाही."

आणि दुसरी गोष्ट. बाबांचे गुडघे वाकत नाहीत, इंजिनाची भट्टी जमिनीपासून वीतभर. मग कोळसा कोण घालणार? तू आता खुर्ची धरून बस. मी घालते. त्यांची कारखान्यातली जुनी डांगरी घालते, पाय दुमडून. पहिल्या दिवशी मी भट्टी ठासून भरली, पोटभर खाऊ दे बिचारीला म्हणून, तर आगच गुदमरली आणि सगळा धूर अध्यक्षांच्या तोंडावर. क्लबाचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेत, पांढरा शर्ट घालून येतात, वाफेच्या इंजिनाजवळ. आता मला कळलंय, थोडं थोडं घालायचं, पसरून, आणि काचेच्या नळीतलं पाणी बघत राहायचं. पाणी नळीत दिसेनासं झालं तर बाबा मला ओरडायच्या आधी मीच ओरडते.

मग एक दिवस बाबा म्हणाले, बस पुढे. मी बसले. दांडा जरासा ओढला आणि बाळा, ते चाललं. मी आयुष्यभर गाडीत बसले ती कोणीतरी नेलं म्हणून. हे मी नेत होते. बदामाच्या झाडापाशी वळण आहे तिथे मी शिट्टीची दोरी ओढली आणि मला रडू आलं. बाबांना सांगितलं धूर गेला.

एक चिमणी बसली नाही तेवढंच. महिन्याच्या मध्यावर क्लब सगळ्यांसाठी उघडा ठेवणार आहेत. तू ये. पंप घेऊन ये, तपास, आणि फुली पूस. तुझ्या बाबांनी मला हे लिहायला सांगितलेलं नाही. फक्त लिहून झालं का, लिहून झालं का, असं तीनदा विचारून गेले.

तुझी आई


१४ फेब्रुवारी

बाळा,

"क्लबाचा पास आहे, मग माझी गरज नाही." हे तुझं उत्तर मी वाचून दाखवलं नाही. पोस्ट आलंच नाही, असं मीच म्हणाले. बाबांनी काही विचारलं नाही, पण ताटली सोडवून मला परत दिली. म्हणाले, उद्या लोक येणार, इंजिनाला ताटली बांधलेली बरी दिसत नाही.

काल लोक आले. आता जे झालं ते सांगते. कोणाचा दोष म्हणून नाही, ह्या दिवसांत पाणीच खराब येतं.

सकाळी मी आग पेटवली. सगळं झकास. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, सवतीला नवा रंग बघून म्हणाल्या, मला नाही कधी हा रंग शोभला. अध्यक्ष पांढऱ्या शर्टात बोलावल्याशिवाय मागच्या डब्यावर येऊन बसले, लोकांना हात करायला सोपं जातं म्हणून. बाबा चालवायला, मी शेडच्या दारात.

निघाले. वळणापर्यंत ठीक. तिथे शिट्टी मारली तर शिट्टीतून आवाजाऐवजी गुळण्या आल्या. मग धुराड्यातून फेस. साबणाचा असतो तसा, पण कोळशाच्या काजळीने काळा. आधी बुडबुडे, मग गोळे, मग गाडी एकेक हुंदका द्यायची आणि एकेका हुंदक्याला घमेलंभर फेस वर उडून खाली. अध्यक्षांनी हात हलवायचं थांबवलं नाही, कारण डोळ्यांत गेल्यामुळे त्यांना दिसतच नव्हतं लोक कुठे आहेत. लोकांना वाटलं हा कार्यक्रमच आहे. टाळ्या. काचेच्या नळीतसुद्धा पाणी दिसेना, नुसते बुडबुडे. बाबांनी दांडा बंद केला, आग खाली पाडली, आणि इंजिन बदामाखाली उभं राहिलं, फेसाने माखलेलं.

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना धरून बसवावं लागलं. म्हणाल्या, इतक्या वर्षांत हिने माझ्यासाठी केलेली ही एकच गोष्ट.

मी धावत गेले. मला वाटलं बाबा चिडले असतील. ते अध्यक्षांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत नव्हते. इंजिनाच्या पोटाकडे बघत होते. फेस तिथून ओघळून खाली गेला होता. चौकोन स्वच्छ. फुली नव्हती.

तेव्हापासून ते भिंतीशीही बोललेले नाहीत.

पाणी खराब होतं असं मी सगळ्यांना सांगितलंय.

तुझी आई


१५ फेब्रुवारी

बाळा,

पाणी खराब नव्हतं.

बाबांनी मला सांगितलं होतं की आदल्या दिवशी बॉयलर आतून धुऊन ठेव. धुऊन म्हणजे त्यांच्या मते साध्या पाण्याने. आता तूच विचार कर, बॉयलर म्हणजे काय, आत नळ्या असलेला हंडा. तो दुसऱ्याच्या घरून आलेला. दातांच्या डॉक्टरच्या. आणि मी त्यात उद्या शंभर लोकांसमोर पाणी उकळणार. परक्या घरचं भांडं मी आजवर घासल्याशिवाय वापरलेलं नाही. भांड्यांची पावडर घातली, चांगली चार मुठी, गरम पाणी घातलं, आणि चौघांकडून इंजिन मागेपुढे हलवून घेतलं. मग दोन पाण्यांनी खंगाळलं. दोन पाण्यांनी कुठलंही भांडं निघतं.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

आता खरी गोष्ट. क्लबाचे सगळे म्हणतात, फुली गेली ते उत्तम झालं, चौकोनावर रंग मारा आणि विषय संपवा. बाबा म्हणतात, फुली पुसली गेलेली नाही, धुऊन गेली. पास नाही आणि नापासही नाही, असल्या कामाला कारखान्यात जागाच नसायची. त्यांनी भट्टी पेटवायची नाही असं ठरवलंय. अध्यक्षांनी शर्ट बदलल्यावर एक सूचना केली: इंजिन बागेच्या फाटकापाशी चौथऱ्यावर ठेवू, भोवती कुंड्या, धुराड्यात एक वेल. तुझे बाबा बरं म्हणाले. बाळा, ते बरं म्हणाले. धुराड्यात वेल लावायला. मिस्त्री विटाही टाकून गेला, येत्या रविवारी चढवणार आहेत.

मी तुला पास कर म्हणत नाही. तुझ्या नोकरीत आई ढवळाढवळ करत नाही. तू ये, नीट तपास, आणि वाटलं तर फुली परत मार. मोठी मार. पण तुझ्या हाताने मार. चिमणीला आण.

तुझी आई


२३ फेब्रुवारी

बाळा,

तुम्ही काल गेलात आणि मी आज लिहायला बसले. म्हणशील, दोन दिवस तर समोर होतो, बोलायचं राहिलं काय? पण समोर असताना मी तुमच्याकडे बघत होते.

शनिवारी तू शेडच्या दारात आलास तेव्हा बाबा पाठमोरे होते. मला आधीच कळलं होतं, पंप सिमेंटवर ठेवल्याचा आवाज त्यांनी ओळखला. वळले नाहीत. भिंतीला म्हणाले, इन्स्पेक्टर आलेले दिसतात. आणि तू काय करावंस, तूही त्याच भिंतीला विचारलंस, मालक आहेत का. दाढीवाला नंतर मला म्हणाला, ह्या भिंतीला पगार द्यायला हवा.

सात पाण्यांनी खंगाळलंत. प्रत्येक पाण्याला तू वाकून वास घेतलास आणि माझ्याकडे बघितलंस. बघ, बघ. मी पावडर चांगल्या प्रतीची वापरते.

मग पंप. बाबा दांडा मारतायत, तू काट्याकडे बघतोयस, चिमणी दोघांच्या मधे उकिडवी. काटा चढला, थांबला, तसाच राहिला. मी कढई चढवावी तशी मनात उत्सव चढवून बसले होते. तेवढ्यात तू तो दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा मागितलास, इंजिनाबरोबर आलेला, आणि तो पोटाखाली घातलास. आणि तसाच राहिलास.

मी तुझी आई आहे, मला पाठीवरूनही कळतं. थेंब दिसला होता.

पण तू आरसा बाहेर काढलास, हाताने पुसलास, आणि म्हणालास, "बाबा, एवढं चालतं. जुन्या जागी नाही, फक्त एका बोल्टाच्या कडेला आहे. क्लबातले सगळे एवढ्यावर चालवतात." खडू खिशातच ठेवलास. तू हे बाबांकडे बघून बोललास. भिंतीकडे नाही.

बाबा त्या गुडघ्यांवर खाली बसले. मी धरायला गेले, त्यांनी हात झटकला. आरसा घेतला, घातला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मलाही दिसतोय. मार फुली."

"अहो बाबा, एवढ्याशा..."

"बॉयलर घर बघून फुटत नाही."

ते वाक्य त्यांनी इतके दिवस जपून ठेवलं होतं, पण मला वाटत होतं वेगळ्या कामासाठी.

तू फुली मारलीस. एक टोक वाकडं आलंय. तेव्हा चिमणीने ओठ काढला. एवढ्या लांब येऊन पुन्हा नाहीच, असा तो ओठ होता, आणि त्यात पुढचा दात नाही म्हणून जास्तच करुण. मी खाऊ शोधायला पिशवीत हात घालते तोवर बाबा उठले, इंजिनाला धरून, आणि म्हणाले, बॉयलर नापास आहे. चाकं कोणी नापास केली?

ते तू आणि त्यांनी ढकललं. आग नाही, वाफ नाही, पुढे चिमणी, मागे डब्यावर मी, कारण अशा गाडीला शिट्टी कोण देणार, मी तोंडाने दिली. चढावर तू म्हणालास, बाबा तुम्ही सोडा, मी ढकलतो. ते म्हणाले, तू सोड, तुझी पाठ आधीपासून नाजूक आहे. वळणापर्यंत तुम्ही तेवढ्यावरून भांडत होतात, आणि सांगू का, मला ते शिट्टीपेक्षा गोड लागत होतं. बदामापाशी चिमणीने विचारलं, आजी, मी मोठी झाल्यावर ही खरी चालेल का? तुम्ही दोघांनी एकदम "हो" म्हटलंत. मी मागे बसले होते म्हणून मला दोन्ही ऐकू आले.

आता तुला न दिसलेलं सांगते. तुम्ही गेल्यावर अध्यक्ष आले, चौथऱ्याचं काय म्हणून. बाबांनी त्यांना इंजिनापाशी नेलं आणि फुली दाखवली. दाढीवाल्याला दाखवली. डॉक्टरीणबाई आल्या तर त्यांना खुर्ची देऊन दाखवली. "नापास आहे," म्हणाले, "मुलाने स्वतः येऊन केलं." नापास झाल्याचा एवढा आनंद मी कोणाच्या तोंडावर पाहिला नाही. बोल्ट आज सकाळीच काढून ठेवलाय, नवा लेथवर काढायला जुन्या कारखान्यात गेलेत. विटा मिस्त्रीने परत नेल्या. वेल मी आपल्या गॅलरीत लावलाय.

तपासणी कधी, असं त्यांनी मला विचारलंय. भिंतीला नाही, मला. मी म्हटलं, लिहिते.

घाई करू नकोस, नोकरी सांभाळून ये. पण फुलीवर पुन्हा माझी ताटली बांधलीय, आणि तुम्ही तिघं आलात की आपण पाच होतो, डॉक्टरीणबाई धरून सहा. मी झाकणात जेवणार नाही. तेवढं लक्षात ठेव.

तुझी आई